चार नंबरची लाइन

४ फेब्रुवारी, मंगळवार

पहिल्या दिवशी ज्या कागदावर सही घेतली त्यात स्पष्ट लिहिलं होतं, इथे ऐकलेलं काहीही कुठेही लिहून ठेवायचं नाही. वहीत नाही, कॅलेंडरवर नाही, आणि घरच्यांच्या कानात तर नाहीच नाही. तीन महिने पाळलं. आज नाही पाळत. हे कुठेतरी ओकलं नाही तर डोकं फुटेल माझं. वही पिठाच्या डब्यामागे ठेवणार आहे. तिथे यांचा हात जन्मात जायचा नाही.

तर लिहिते. कोर्टात बत्तीस वर्षं लघुलेखन केलं, निवृत्त झाले, आणि महिनाभर घरी बसते न बसते तोच केंद्राच्या तपास पथकाने बोलावलं. कान तिखट आहे, हात झपाझप चालतो आणि तोंड बंद असतं, अशी कोणीतरी माझी शिफारस केली होती. तिसरी गोष्ट साफ खोटी, पण मी कशाला सांगू. काम असं की बनावट औषधं विकणाऱ्या टोळीचे फोन ऐकायचे आणि टंकून द्यायचे. लहान मुलांच्या तापाचं औषध. बाटली हुबेहूब, आत भलतंच. आतापर्यंत सात मुलं गेली, तीन वेगवेगळ्या राज्यांत, म्हणून तपास केंद्राकडे. एक नंबरची लाइन टोळीच्या मालकाची. ती माझ्या शेजारचा चष्मेवाला ऐकतो. चार नंबरची माल नेणाऱ्या ड्रायव्हरची. ती माझी.

खोलीला खिडकी नाही. सहा टेबलं, कानाला लावायच्या यंत्राचा स्पंज फाटलेला, डोक्यावरचा दिवा लुकलुकतो. दाराबाहेर मात्र पितळी पाटी, रोज पुसलेली: 'नागरिकांच्या रक्षणासाठी सदैव दक्ष'.

नियम असा: फोन धंद्याचा असेल तर शेवटपर्यंत ऐकायचा. घरचा असेल तर एका मिनिटानंतर लाल बटण दाबायचं. ऐकणं बंद, ध्वनिमुद्रण बंद. दोन मिनिटांनी डोकावून बघायचं, अजून घरचंच चालू असेल तर परत बटण. चिठ्ठीवर फक्त वेळ लिहायची आणि पुढे 'घरगुती'. मला हा नियम फार सभ्य वाटला होता. नवरा चोर असला म्हणून त्याच्या बायकोचं बोलणं सरकारने का ऐकावं?

आज सकाळी ड्रायव्हरने बायकोला फोन केला. म्हणाला, "दात दुखतोय का अजून?" ती म्हणाली, "थोडा." तो हसला, अगदी मनापासून. मग म्हणाला, "उरलेले पुढच्या खेपेला." मिनिट झालं. मी बटण दाबलं.

दोन मिनिटांनी डोकावले तर फोन संपलेला. चिठ्ठीवर लिहिलं, १०.४०, घरगुती. आणि तसाच डबा उघडून जेवले. जेवले, हे विशेष.

६ फेब्रुवारी

आज साहेबांच्या खोलीत गेले. बोलावलं नव्हतं, तरी गेले. साहेब म्हणजे सुकलेला माणूस, कायम सर्दी झाल्यासारखा. टेबलावर ती खोटी बाटली कागदांवर वजन म्हणून ठेवलेली असते. तिच्या झाकणाची कड किंचित तिरपी आहे, बस, तेवढाच फरक.

मी म्हटलं, "साहेब, चार नंबरची बायको मार खातेय."

"माहीत आहे," ते म्हणाले. मान वर न करता!

"मग काहीतरी करा."

"बायकोला मारणं गुन्हा आहे, पण तो आपल्या कक्षेत येत नाही. ते तिथल्या पोलिसांचं काम."

"मग त्यांना कळवा."

"तुम्हाला कसं कळलं म्हणून विचारतील. काय सांगू? लाइन फुटली की मालक फोन बदलणार, गोदाम बदलणार, आणि आपण पुन्हा पहिल्यापासून मुलांची प्रेतं मोजायची. शिवाय त्या चौकीवर माझा भरवसा नाही."

तळपायाची आग मस्तकात गेली. यांचा कोणावरच भरवसा नाही. केंद्रवाल्यांना वाटतं, अक्कल वरूनच वाटली गेली आणि ती यांच्यापर्यंत येऊन संपली, खालच्या पोलिसांना मिळालीच नाही.

मी दारापर्यंत गेल्यावर म्हणाले, "तो घरी केव्हा केव्हा फोन करतो त्या वेळा रोज मला आणून द्या." म्हणजे मी बटण वेळेवर दाबते की नाही, ते तपासणार. बाई मेली तरी चालेल, चिठ्ठी चोख हवी.

१० फेब्रुवारी

घरी यांना वाटतं, मी सरकारी परिपत्रकांचं भाषांतर करते. हे छापखान्यातून निवृत्त झाले तेव्हापासून दिवसभर वर्तमानपत्रातल्या चुका काढत बसतात. आज आल्याआल्या विचारलं, "काय फर्मावलंय आज सरकारने?"

"नवऱ्यांनी आपापली ताटं आपण घासावीत."

"कधीपासून अंमलबजावणी?"

"आजपासून."

घासलंही बिचाऱ्याने, आणि कढईसुद्धा. मी हसले आणि हसता हसता मनात आलं. माझा नवरा ताट घासतो यात माझं कर्तृत्व काय? नशीब. चार नंबरच्या बाईला दुसरी चिठ्ठी निघाली एवढंच.

लहानपणी आमच्या खालच्या मजल्यावर एक कुटुंब राहायचं. आवाज सुरू झाला की आई रेडिओ मोठा करायची. मला ती गाणी अजून पाठ आहेत. मी आईला त्याबद्दल कधी माफ केलं नाही, आणि आज ऑफिसात मी तीनदा बटण दाबलं.

१२ फेब्रुवारी

चार नंबर, सकाळी ११.०५. ड्रायव्हरने विचारलं, "कोण आलं होतं घरी?" ती म्हणाली, "मीटर बघायला बाई आली होती." "परवापण आली होती ना?" "परवा आकडा चुकला म्हणाली." "किती वेळ होती?" "पाणी प्यायली आणि गेली." मिनिट संपलं.

म्हणजे एक धडधाकट बाई दोनदा त्या घरात गेली, तिच्या हातचं पाणी प्यायली, समोर ते तोंड बघितलं असेल, तो तुटका दात बघितला असेल, आणि मीटरचा आकडा लिहून चालती झाली! डोळे फुटले होते का तिचे? मी असते तर हाताला धरून तिला बाहेर काढलं असतं. लोक डोळ्यांवर कातडं ओढून हिंडतात. साहेबांचं काय घेऊन बसलात, सगळं गावच साहेब झालंय.

१४ फेब्रुवारी

माझ्या खुंटीवर कोणीतरी निळा सदरा टांगला होता, खिशावर विजेची खूण. उचलायला गेले तर खिशातला टॉर्च माझ्या डब्यावर पडला आणि झाकणाला पोचा. वायरमन आला असावा. आला तर आला, दिवा तरी नीट करायचा! तो आपला लुकलुकतोच आहे.

पथकात एक उंच बाई आहे, कोणाशी बोलत नाही, ताठ मानेने येते आणि जाते. तिला विचारलं, हा कोणाचा. "राहू दे, मी देते ठेवून," म्हणाली आणि सदरा घेऊन गेली. पोच्याबद्दल चकार शब्द नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार

आज नियम मोडला. मिनिट झालं, बोट बटणावर होतं, आणि दाबलं नाही. चार मिनिटं सगळं ऐकलं.

"शुक्रवारी येतोय."

"हं."

"मागच्या खेपेला शेजारणीला काय सांगितलंस?"

"काही नाही."

"मग ती माझ्याकडे तशी का बघत होती?"

"मला नाही माहीत."

"माहीत नाही. या खेपेला तुला नीट बोलायला शिकवतो. नाहीतर बोलणं बंदच करतो, कायमचं. तुझी ती बहीण आली तरी ओळखणार नाही तुला."

आवाज जरासुद्धा चढला नव्हता. टायरमध्ये हवा भरायला सांगावी तसा सांगत होता. आणि ती दर वाक्याला "हं", "हं".

थेट साहेबांकडे. सगळं शब्दशः सांगितलं. त्यांनी पहिली गोष्ट काय म्हणावी? "तुम्ही चार मिनिटं ऐकलंत."

"हो, ऐकलं! काढून टाका मला."

"बत्तीस वर्षं कोर्टात काढलीत. बचावाच्या वकिलाला हे कळलं तर तो काय करेल, ते मी सांगायला हवं?"

नको. चांगलं माहीत आहे. अख्खी लाइन पुराव्यातून बाद होईल, आणि मालक शीळ घालत घरी जाईल. पण ती बाई शुक्रवारी मेली तर ती कोणत्या पुराव्यातून बाद होणार?

"बटण दाबत जा," साहेब म्हणाले. "बाकीचं माझ्यावर सोडा."

सोडा म्हणे! वर विचारतात काय, तर तिची बहीण कुठे राहते, बोलण्यात कधी आलंय का. मी म्हटलं, एकदा आलं होतं, धरणाच्या कॉलनीत. लगेच लिहून घेतलं. यांना साक्षीदार हवेत. माणूस जगला काय आणि मेला काय.

१९ फेब्रुवारी, बुधवार

केलं. शेवटी केलं.

ड्रायव्हरचा पत्ता चष्मेवाल्याच्या टेबलावरच्या फायलीत होता. तो हात धुवायला गेला तेव्हा बघून घेतला. जेवणाच्या सुट्टीत चार गल्ल्या पलीकडे झेरॉक्सच्या दुकानात गेले आणि तिथल्या फोनवरून त्या भागातल्या पोलिस चौकीला फोन लावला.

"बोला, हं, बोला," तिकडून एक जाडसर आवाज आला.

मी सगळं सांगितलं. पत्ता, तिसरा मजला, माणूस शुक्रवारी येणार, बायकोला जीवे मारायची धमकी दिली आहे.

"कोण बोलतंय?"

"एक नागरिक."

"शेजारी राहता का?"

"नाही."

"नात्यातल्या?"

"नाही."

"मग तो शुक्रवारी येणार, हं, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

म्हटलं, "मला माहीत आहे, तेवढं पुरे. तुम्ही जाणार की नाही?"

"जाणार ना, बाई. बघतो आम्ही."

बघा! पाच मिनिटांचं काम. तीन महिने एवढं मोठं पथक, पाटी, फायली, आणि एका फोनने झालं. परत येताना मी रस्त्यात चक्क गुणगुणत होते. संध्याकाळी हे म्हणाले, "ताटांचं परिपत्रक मागे घेतलं वाटतं." मी म्हटलं, आजच्यापुरतं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

काहीही झालं तरी क्रमाने लिहिणार.

सकाळी ११.१५ ला चार नंबर वाजला. ड्रायव्हरने उचलला. तिकडून जाडसर आवाज आला, "ऐक, हं, ऐक."

तो 'हं' ऐकला आणि मला कळलं. ऐकण्याआधीच कळलं.

"तुझ्या घराबद्दल चौकीत फोन आला होता काल. कोणी बाई होती. तू शुक्रवारी येणार, बायकोला मारणार, सगळं पाठ होतं तिला. शुक्रवारचं तू कोणाला बोलला होतास?"

"कोणाला नाही. फक्त घरी."

"तोंडाने?"

"फोनवर."

मग चौकीवाला म्हणाला, "मग एक तर तुझी बायको बोलली, हं, नाहीतर तुझा फोन बोलला. दोन्ही बघून घे. आपलं ठरलंय म्हणून सांगतोय."

"मी घाटाच्या खालीच आहे," ड्रायव्हर म्हणाला. "गाडी इथेच लावतो. आधी घरचं बघतो."

माझा शब्द. मी काल ज्या तोंडाने सांगितला तो शब्द, आज माझ्याच कानात परत आला, आणि वाटेत त्या बाईचं घर दाखवून आला.

मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. साहेब धावत आले. मी सांगितलं, चौकीला फोन मी केला होता, आणि तो आता घरी निघालाय. मला वाटलं कानाखाली वाजवतील. वाजवायला हवी होती. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. माझ्याच टेबलावरचा फोन उचलला आणि म्हणाले, "आज. आत्ता. शुक्रवार विसरा." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "तिची तयारी नसली तरी. फक्त बाहेर काढा."

मला तेव्हाही कळेना कोणाशी बोलतायत. चष्मेवाल्याने हळूच सांगितलं. उंच बाईशी. ती दहा दिवस मीटर बघायच्या निमित्ताने त्या घरी जात होती. कसंबसं मन वळवलं होतं. उद्या सकाळी, ड्रायव्हर पोचायच्या आधी, तिला बहिणीकडे न्यायचं ठरलं होतं. वरच्यांना पत्ता नव्हता, त्यांनी परवानगी दिलीच नसती. चष्मेवाल्याला ठाऊक होतं ते फक्त गाडीची नोंद तो करतो म्हणून.

निळा सदरा. फोनच्या वेळा. बहिणीची कॉलनी. सगळं त्यासाठीच होतं.

११.३४. चार नंबर पुन्हा. ड्रायव्हर घरी फोन करत होता.

"दार लावलंय का?"

"हो."

"मी तासाभरात येतोय. तोवर कोणी आलं तरी उघडायचं नाही. ती मीटरवाली आली तरी नाही. कळलं?"

"हं."

"चौकीत फोन कोणी केला?"

"कसला फोन?"

"आल्यावर सांगतो कसला. आधी तू सांग, कोणाकोणाला बोललीस?"

ती गप्प. तो विचारत राहिला, ती गप्प. मिनिट झालं. तीन महिन्यांच्या सवयीने माझं बोट आपसूक बटणाकडे गेलं. साहेब माझ्या मागे उभे होते. माझं बोट पोचायच्या आत त्यांनी ते बटण आपल्या तळव्याने झाकलं.

तेवढ्यात दार वाजलं. तिचं दार, माझ्या कानात. तीनदा.

"कोण आहे?" ड्रायव्हर म्हणाला.

"कोणी नाही."

"आवाज आला."

"शेजारी फळ्या ठोकतायत," ती म्हणाली. "सकाळपासून डोकं उठवलंय."

तीन महिन्यांत मी तिचं एवढं लांब वाक्य ऐकलं नव्हतं. पुन्हा दार वाजलं. ती म्हणाली, "दूध उतू जातंय, ठेवते," आणि तो पुढे काही बोलायच्या आत तिने फोन ठेवला. तिने ठेवला.

त्यानंतर पंचवीस मिनिटं आम्ही तिघं त्या लुकलुकत्या दिव्याखाली उभे होतो. कोणी बसलं नाही. १२.०२ ला साहेबांच्या खिशातला फोन वाजला. "निघाल्या," ते म्हणाले आणि भिंतीला टेकले.

ड्रायव्हरला पाऊण वाजता त्याच्या दारात पकडलं. लाइन तशीही फुटलीच होती. दुपारी चारला चष्मेवाल्याने कानातून यंत्र काढून टेबलावर ठेवलं. एक नंबर बंद. मालकाने फोन फेकून दिला होता. सात महिन्यांचं काम.

साहेब म्हणाले, "उद्यापासून येऊ नका."

२१ फेब्रुवारी

दिवसभर पडून होते. यांना सांगितलं, कंबर धरली आहे.

मी मूर्ख. कबूल. पण राग जात नाही तो नाहीच. एक वाक्य, फक्त एक वाक्य सांगायचं होतं त्या माणसाने. 'आम्ही तिला काढतोय.' तीन शब्द होतात. माझ्यावर भरवसा नव्हता. आणि बरोबरच होतं की त्याचं, नव्हताच ठेवण्यासारखा! हे मनात आलं आणि उशीवर बुक्क्या मारल्या.

२५ फेब्रुवारी

आज सगळ्या वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर सूचना. तापाच्या औषधाची बाटली घेताना झाकणाची कड तपासा, तिरपी असल्यास वापरू नका, त्वरित कळवा. केंद्रीय तपास पथक. चित्रासकट.

हे वाचून दाखवत होते आणि मी ते पान यांच्या हातातून ओढून घेतलं. आता छापली! आता लपवण्यासारखं काही उरलं नाही म्हणून छापली. सात महिने ती बाटली साहेबांच्या टेबलावर कागद दाबत उभी होती. सात महिन्यांपूर्वी छापली असती तर मालक सावध झाला असता, मान्य. पण मुलांच्या आयासुद्धा सावध झाल्या असत्या ना? कोणाचं रक्षण चाललं होतं तिथे, नागरिकांचं की खटल्याचं?

हे म्हणाले, "छपाईत चूक नाही एकही." मग माझं तोंड बघून पान परत मागितलं नाही.

६ मार्च

उंच बाई घरी आली. साध्या कपड्यांत. यांनी दार उघडलं आणि विचारलं, "परिपत्रकवाल्या का?" ती म्हणाली, "कसली परिपत्रकं?" झालं. तेहतीस वर्षांच्या संसारात यांच्याशी बोललेलं सगळ्यात मोठं खोटं चहा उकळायच्या आत फुटलं. हे आत जाऊन चहाचं बघू लागले, पण कपबश्यांचा आवाज जरा जास्तच येत होता.

तिने चौकशीचे कागद आणले होते. मी काय केलं, कधी केलं, कुठून फोन केला. वाचलं, सगळं खरं होतं, सही केली. साहेबांचीही चौकशी चालू आहे. परवानगीशिवाय तिला मीटरवाली करून पाठवलं म्हणून, आणि त्या दिवशी बटणावर हात ठेवला म्हणून.

मी विचारलं, "माल सापडला का?"

"तीन गाड्या निघाल्या होत्या. दोन सापडल्या."

"आणि तिसरी कुठे गेली?"

ती म्हणाली, "चार नंबर चालू असता तर तुम्हीच सांगितलं असतं आम्हाला."

आवाजात टोचणी नव्हती. असती तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं.

उठताना म्हणाली, "ती बहिणीकडे आहे. बरी आहे. चौकीवाला पकडला गेला तेव्हा तिला कळलं की कोणा बाईने तिच्यासाठी फोन केला होता. रोज विचारते, ती बाई कोण. तिला पाया पडायचंय तुमच्या."

"तुम्ही तिला खरं सांगितलं नाहीत?"

"कशाला? कोणीतरी परकं माणूस आपल्यासाठी धावलं, एवढं राहू दे की तिच्याकडे."

माझा असा संताप झाला! त्या बाईला तिच्या नवऱ्याने अंधारात ठेवलं, तुम्ही अंधारात ठेवलं, आणि आता तिच्या भल्यासाठी आणखी थोडं अंधारात ठेवताय. आणि मी देवी होऊन बसू? मी म्हटलं, "मला भेटवा तिला. मी सांगते."

तिने सही केलेले कागद पिशवीत घातले आणि म्हणाली, "रविवारी चला."

९ मार्च, रविवार

धरणाच्या कॉलनीत, बहिणीच्या दोन खोल्या. बहीण कामावर गेली होती. एक पलंग, एक प्लास्टिकची खुर्ची, भिंतीला टेकून ठेवलेली बॅग, अजून न उघडलेली. ती माझ्या कल्पनेपेक्षा खूप लहान निघाली, तिशीचीही नसेल. पुढचे दोन दात नाहीत. हसली तेव्हा हात तोंडाशी नेला.

मी खुर्चीत बसायच्या आतच ती वाकली. मी तिला धरून उभं केलं आणि म्हटलं, "आधी ऐक. मग पाया पडायचं की नाही ते तू ठरव." उंच बाई दाराशी उभी होती.

सांगितलं सगळं. फोन मीच केला. त्या फोनमुळे तुझा नवरा एक दिवस आधी निघाला. या बाईने तुला सुखरूप काढायचं आधीच ठरवलं होतं, मी ते उधळलं. तुझा जीव मी वाचवला नाही, मी तो जवळजवळ घालवला होता.

ती शांतपणे ऐकत होती. माझं संपल्यावर म्हणाली, "त्याचं काही नाही हो. तुम्ही चांगल्यासाठीच केलंत." आणि मग, "पण तो शुक्रवारी येणार हे तुम्हाला कळलं कसं?"

"फोनवर ऐकलं. माझं कामच होतं ते. त्याचा फोन ऐकायचा."

"सोमवारी?"

"सोमवारी. आणि त्याच्या आधीही."

"आधी कधीपासून?"

"नोव्हेंबरपासून."

ती मनात हिशेब लावत होती, ते दिसत होतं. हात हळूहळू तोंडाशी गेला. हसण्यासाठी नव्हे.

"दात पाडले तेव्हा?"

"हो."

"तो हसला होता. त्याने फोन करून विचारलं होतं, दुखतोय का."

"हो. ऐकलं मी."

"तुम्ही एकट्याच ऐकत होतात?"

मी उंच बाईकडे बघितलं नाही. म्हटलं, "ऐकत मी होते. माहीत सगळ्यांना होतं."

"सगळ्यांना," ती म्हणाली. "मला वाटायचं कोणाला काहीच माहीत नाही. मी म्हणायचे, कोणाला कळलं तर कोणीतरी येईल. कोणाला कळलंच नाही म्हणून कोणी येत नाही. तेवढ्यावर काढले मी दिवस. आणि तुम्ही..." तिचा आवाज चढला. तीन महिन्यांत मी हा आवाज कधी ऐकला नव्हता, ती असं बोलू शकते हे मला ठाऊकच नव्हतं. "तुम्ही कानाला लावून बसला होतात? सरकार कानाला लावून बसलं होतं? जेवत होतात तुम्ही? घरी जात होतात?"

"हो," मी म्हटलं. "जेवत होते. घरी जात होते."

उंच बाई दारातून पुढे आली. "ताई, जरा शांत..." ती म्हणायला लागली.

मी तिला हाताने थांबवलं. "बोलू दे तिला."

ती बोलली. पहिल्या थपडेपासून बोलली, मला, साहेबांना, शेजारणीला, त्याला, स्वतःच्या आईला, जो आठवेल त्याला. शेजारच्या खोलीतून कोणीतरी भिंतीवर ठोकलं, तरी ती थांबली नाही. साडेअकराला सुरू केलं होतं. बहीण कामावरून आली तेव्हा दोन वाजून गेले होते, आणि मी त्या खुर्चीत बसून ऐकत होते.